तुकोबा लठ्ठ का दिसतात?

१९३६ सालच्या 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस काही पैलवान नव्हेत. कोल्हापुरातल्या एका घरात मात्र नव्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर ते नुकतेच तालमीतून बाहेर पडल्यासारखे दिसत होते. खांदे रुंद, मान आखूड, गाल भरलेले. डिस्कवर ओरखडा नाही, टीव्हीची खोकी अजून माळ्यावर चढायची होती, प्लेअर जुना पण चालता. बिघाड कशातच नव्हता. तरी देहूतली अख्खी माणसं एक तृतीयांशानं रुंद झाली होती.

घरात यावर दोन पक्ष पडले. एका बाजूला वहिनी. यजमानांबरोबर त्यांनी उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्टपासून मुंजीच्या ग्रुप फोटोपर्यंत कशाची कुठली कड कापायची, हे त्यांच्या हातात बसलेलं. दुसऱ्या बाजूला धाकटे दीर, म्हणजे भावजी. एकपडदा थिएटरात ऑपरेटर म्हणून केबिनमध्ये राबून निवृत्त झालेले. वहिनींचे यजमान रिमोट हातात धरून तटस्थ होते, आणि तटस्थ माणसाच्या हातात रिमोट असला की घरात काय होतं, हे सांगायला नको.

"तुकोबांना काय खायला घातलंत, वहिनी?" भावजींनी दारातूनच विचारलं.

"पडदा भरून दिसतंय न्हवं? एवढे पैसे मोजून दोन्ही बाजूंनी काळे पट्टे बघत बसायचं होय?"

"पट्ट्यांच्या जागी काही लपवलेलं नाही. तिथं दामले-फत्तेलालांनी काही घेतलेलंच नाही. जे नाहीच, ते तुम्ही टीव्हीकडनं ओढूनताणून भरून घेताय."

भावजींचा मुद्दा आकड्यांत सोपा आहे. मूकपटांची चौकट उंचीच्या १.३३ पट रुंद असायची. बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी घुसली, चौकट थोडी हलली आणि १९३२ च्या सुमाराला हॉलिवुडात १.३७ वर स्थिरावली. जगभरचे बोलपट पुढची वीसेक वर्षं जवळपास याच आकारात निघाले. 'संत तुकाराम' त्यातलाच. टीव्ही जन्मला तेव्हा त्यानं सिनेमाचाच जुना आकार उचलला, ४:३. म्हणून जुन्या डबडा टीव्हीवर तुकोबा ठीक दिसायचे. नवा टीव्ही १६:९ चा. ४:३ चं चित्र त्यावर कडेपासून कडेपर्यंत ताणलं, की उंची तेवढीच राहते आणि रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते.

"मग हा सोळा-नऊ आकार काढला कुणी? कुठल्या सिनेमाचा आहे तो?"

वहिनींचा हा प्रश्न भावजींना वाटला त्याहून खोल होता, कारण त्याचं खरं उत्तर 'कुठल्याच नाही' असं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत उच्च दर्जाच्या टीव्हीचा आकार ठरत होता. कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्यानं तेव्हा प्रचलित असलेल्या सगळ्या चौकटींचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि त्यांचे मध्य जुळवून एकावर एक ठेवले. सगळे मावतील असा बाहेरचा आयत निघाला १.७७ चा, सगळ्यांच्या आत बसेल असा आतला आयतही त्याच प्रमाणाचा. जुन्या टीव्हीचा १.३३ आणि सिनेमास्कोपचा २.३५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं, तरी आकडा तोच येतो. तेव्हा १६:९ ही एक तडजोड आहे. सिनेमा त्या आकारात क्वचितच बनतो. म्हणून कुठे ना कुठे पट्टे येणारच, जुन्या चित्रपटांना डावी-उजवीकडे, स्कोपला वर-खाली. पट्टे दिसले म्हणून टीव्हीत किंवा डिस्कमध्ये दोष शोधणं व्यर्थ आहे.

"म्हणजे पैसे मोजले त्यातला पाव टीव्ही कायमचा काळा."

"पाव टीव्ही म्हणालात तर बरोबर. पण उरला तो केवढा, ते मोजा की. स्टुडिओवाल्या तुम्ही."

वहिनींनी शिवणाच्या मशीनवरची टेप आणली. पडद्याची रुंदी साडेसदतीस इंच, उंची एकवीस. एकवीस उंचीला ४:३ ची रुंदी अठ्ठावीस. कर्ण काढला तर पस्तीस इंच. घरातला आधीचा टीव्ही एकवीस इंची होता. म्हणजे पट्ट्यांसकट पाहिले तरी तुकोबा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे दिसणार होते. वहिनींनी टेप गुंडाळली. मत मात्र गुंडाळलं नाही.

चित्र ताणलेलं आहे की नाही, हे चेहऱ्यावरून ठरवू नये. डोळा फार लवकर सरावतो. दोन दिवस ताणलेलं पाहिलं, की तेच खरं वाटायला लागतं आणि नीट केलेलं चित्र उलट काटकुळं दिसतं. त्यासाठी पडद्यावर गोल वस्तू शोधायची, तीही सरळ समोरून टिपलेली. पूर्ण चंद्र, घड्याळाची तबकडी, गाडीचं चाक. या घरात ती सापडली लग्नाच्या डीव्हीडीत. पुतणीच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं मुहूर्ताच्या आधी कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ चांगलं सरळ समोरून दाखवलं होतं, जसं ते सगळेच दाखवतात. तिथं चित्र थांबवून वहिनींनी टेप लावली. उंची बारा सेंटिमीटर. रुंदी सोळा.

"सोळा भागिले बारा," भावजी म्हणाले, "एक पूर्णांक तेहेतीस. सोळा-नऊवर चार-तीन ताणल्याची सही आहे ही."

वहिनींनी मग पक्ष जरा बदलला. "बरं, ताणायचं नको. पण टीव्हीत ती 'पॅनोरमा' का काय सोय आहे, त्यात मधली माणसं बरोबर दिसतात. मी लावून बघितलंय."

खरं आहे. कुणी तिला 'पॅनोरमा' म्हणतं, कुणी 'स्मार्ट', कुणी 'वाइड झूम'. या सोयीत चित्राचा मधला भाग जवळपास तसाच ठेवतात आणि सगळा ताण कडांवर ढकलतात. वृत्तनिवेदक मधोमध बसलेला असेल, तर फसगत कळतही नाही. पण कॅमेरा फिरला की पितळ उघडं पडतं. लग्नाच्या त्याच डिस्कमध्ये पंगतीचा भाग लागला. कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत होता. प्रत्येक जेवणारा डाव्या कडेनं आत येताना ऐसपैस, मध्ये आला की सडपातळ, आणि उजव्या कडेनं जाताना पुन्हा फुगलेला. वहिनींच्या सासूबाईंचे, म्हणजे भावजींच्या आईंचे, थोरले भाऊ पानात वाढलेला लाडू उचलेपर्यंत दोनदा जाड आणि एकदा बारीक झाले. लाडूही. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली आणि 'पॅनोरमा' त्या संध्याकाळपुरता निकालात निघाला. ही सोय ज्यानं कुणी शोधली, त्यानं ती फक्त स्थिर चित्रावर तपासली असावी, असं वाटल्यावाचून राहत नाही.

आता खरा वाद सुरू झाला, कारण वहिनींकडे तिसरा पत्ता होता. झूम.

"झूममध्ये तर काही ताणलं जात नाही. घड्याळ गोलच राहतं. पडदाही भरतो. मग काय हरकत?"

"वरनं-खालनं पाव चित्र जातं, ही हरकत. आईंचं 'रामायण' लावा म्हणजे कळेल."

रामानंद सागरांचं 'रामायण' १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालं, अर्थात ४:३ मध्ये. झूममध्ये त्याचा वरचा आठवा आणि खालचा आठवा हिस्सा पडद्याबाहेर जातो. दरबाराची दृश्यं लावली तर नेमके मुकुट कापले जातात. दशरथाच्या दरबारात सगळे बोडके, आणि पाया पडायला वाकलेला माणूस कुणाच्या पायाशी वाकलाय तेही दिसत नाही.

पण सासूबाईंचं म्हणणं निराळं होतं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्यांना मुकुटापेक्षा चेहरा मोठा हवा होता. वहिनींनी हाच मुद्दा लावून धरला. "भावजी, फोटो कापणं हा गुन्हा असता तर मी जन्मठेप भोगत असते. सहा-चार आकाराचा फोटो आठ-दहाच्या फ्रेममध्ये घालायचा म्हणजे कड जाणारच. गिऱ्हाइकाला विचारायचं, काका कापू का छत कापू. पण आयुष्यात कधी फोटो ताणून फ्रेममध्ये बसवला नाही. ताणणं म्हणजे खोटं दाखवणं. कापणं म्हणजे निवडणं."

"आणि ती निवड करायची कुणी? फोटो तुम्ही काढला, तुम्ही कापला. सिनेमा दुसऱ्यानं काढलाय."

लेखकाच्या मते इथे वहिनींनी केलेला फरक लाखमोलाचा आहे आणि भावजींचा प्रश्नही रास्त आहे. ताणलेल्या चित्राच्या बाजूनं आजवर एकही कॅमेरामन बोललेला नाही. कापण्याबद्दल मात्र खुद्द सिनेमावाल्यांमध्येच एकमत नाही.

वहिनींच्या बाजूचे साक्षीदार भारी आहेत. स्टॅन्ली कुब्रिकनं 'द शायनिंग' आणि 'फुल मेटल जॅकेट' घरच्या टीव्हीसाठी ४:३ मध्येच द्यायचं पसंत केलं. थिएटरात वरून-खालून झाकला जाणारा नेगेटिव्हचा भाग त्यानं घरी उघडा केला. पडदा भरला तो चित्र कापून नव्हे, जास्त दाखवून. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी याच चित्रपटांच्या रुंद आवृत्त्या निघाल्या. 'अपोकॅलिप्स नाऊ'चा छायाचित्रकार व्हित्तोरियो स्तोरारो याच्या डोक्यात तर पुढे सगळ्या पडद्यांसाठी २:१ हा एकच आकार बसला, आणि त्यानं स्वतःच्याच स्कोप चित्रपटाच्या कडा डीव्हीडीसाठी कापू दिल्या. आणि आपला सिप्पींचा 'शोले'. तो चित्रित झाला पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर, ४:३ च्या जुन्या चौकटीत. मग वर-खाली कापून २.२ चा केला आणि सत्तर मिलिमीटरवर मोठा केला.

"म्हणजे गब्बरचं डोकं सिप्पींनी कापलं तर चालतं, मी कापलं तर पाप."

"सिप्पींनी कुठे कापायचं ते ठरवून कापलं. तुमचा टीव्ही न बघता कापतो. त्याला गब्बर कुठे उभाय ते ठाऊक नाही."

भावजींकडेही साक्षीदार होते. वुडी ॲलननं १९७९ च्या 'मॅनहॅटन'ला व्हिडिओवर कापू दिलं नाही. तो पट्ट्यांसकट निघाला, आणि तेव्हाच्या छोट्या टीव्हीवर चित्र दिसायला खरोखरच लहान होतं. सिडनी पोलॅकनं तर डेन्मार्कच्या दूरदर्शनवर दावा लावला. त्यांनी त्याचा 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर' कडा कापून दाखवला होता. न्यायालयानं चित्रपटाचं विद्रूपीकरण झाल्याचं मानलं, तरी निकाल वाहिनीच्या बाजूनं गेला. आपल्याकडे असा खटला उभा राहिला असता, तर 'लगान'नं साक्ष द्यायला हरकत नव्हती. २.३५ चा तो चित्रपट १६:९ मध्ये कापला, तर रुंदीचा २४ टक्के भाग जातो. ४:३ मध्ये कापला तर ४३ टक्के. चंपानेरचं मैदान आणि अकरा गडी, आणि त्यातले कडेचे आधी गायब.

सासूबाईंच्या 'रामायणा'वर शेवटी तोडगा निघाला तो बीबीसीच्या वळणाचा. ब्रिटनमध्ये जुने आणि नवे टीव्ही एकाच वेळी घराघरात होते, तेव्हा बीबीसीनं जुन्या टीव्हींसाठी रुंद कार्यक्रम १४:९ मध्ये दाखवले. थोडे पट्टे, थोडी काटछाट. कित्येक टीव्हींच्या मेनूमध्ये १४:९ अजून आहे. 'रामायणा'चं त्यात वर आणि खाली साधारण सात-सात टक्के जातं. मुकुटाचं टोक तेवढं गेलं, मुकुट राहिला. भावजी गप्प बसले. आईपुढे कोण बोलणार?

मग आली स्कोपची डिस्क, आणि प्रकरण आकाराकडून यंत्राकडे वळलं. चित्राला वर-खाली जाडजूड काळे पट्टे होते, तरीही माणसं रुंदच. वहिनी म्हणाल्या, "बघा, आता पट्टेही आहेत आणि जाडीही आहे. दोन्ही भोग."

हे समजायला भावजींची केबिन उपयोगी पडली. सिनेमास्कोपचा धंदा १९५३ मध्ये 'द रोब'पासून सुरू झाला. भिंग त्याआधीच आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं तयार केलेलं होतं. कॅमेऱ्यावरचं भिंग रुंद दृश्य निम्म्यात दाबून साध्या फिल्मवर बसवतं आणि प्रोजेक्टरवरचं भिंग ते परत दुपटीनं उलगडतं. ऑपरेटर स्कोपची लेन्स लावायला विसरला की नायक-नायिका काटकुळी आणि उंच दिसायची, आणि खालून शिट्ट्या यायच्या. "शिट्टीचा आवाज चढायच्या आत लेन्स फिरवायची, तोवर पहिलं गाणं निम्मं संपलेलं असायचं."

डीव्हीडीत हीच युक्ती आहे, फक्त भिंग नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डिस्कवर चित्राला जागा ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. अमेरिकी आणि जपानी एनटीएससीत ७२० बाय ४८०. चित्र ४:३ असो की १६:९, जागा तेवढीच. (गंमत म्हणजे ७२० बाय ५७६ हा आकार ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. तेव्हा डीव्हीडीवरचा एकही ठिपका चौरस नसतो. प्रत्येक चित्र थोडंफार ओढूनच दाखवावं लागतं.) रुंद चित्र आडवं दाबून भरतात आणि सोबत एक खूण लिहून ठेवतात: हे १६:९ आहे, उलगडून दाखवा. ही खूण वाचायची प्लेअरनं.

आणि प्लेअर तिचं काय करणार, हे त्याच्या मेनूत 'टीव्ही टाइप' नावाच्या ओळीवर अवलंबून. तिथे सहसा तीन पर्याय असतात: ४:३ पॅन स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९. जुने प्लेअर कारखान्यातून बहुधा ४:३ लेटरबॉक्सवर बसवून यायचे, कारण घराघरात तेव्हा डबडा टीव्ही होता. टीव्ही बदलला, पण ही ओळ कुणी बदलली नाही. मग असं होतं: प्लेअर समजतो टीव्ही जुना आहे, म्हणून रुंद चित्राच्या चार-चार रेषांच्या तीन-तीन करतो आणि वर-खाली पट्टे घालून पाठवतो. टीव्ही समजतो चित्र ४:३ चं आहे, म्हणून ते आडवं ताणून पडदा भरतो. दोन सुगरणींनी एकमेकींना न विचारता एकाच आमटीत मीठ घालावं, तसा प्रकार. मग घरातला कुणीतरी झूमचं बटण दाबतो, आकार बऱ्यापैकी जमतो आणि चित्र मऊ, अस्पष्ट दिसतं. दोष डिस्कला लागतो.

किती अस्पष्ट? २.३५ चा चित्रपट १६:९ च्या डिस्कवर नीट उलगडला, तर पट्टे वगळून प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ५७६ पैकी साधारण ४३६ रेषा येतात. तोच ४:३ मध्ये लेटरबॉक्स होऊन आला, तर ३२७. शंभरावर रेषा एका मेनूतल्या चुकीच्या ओळीपायी जातात.

यजमानांनी रिमोटची तटस्थता सोडून प्लेअरचा 'सेटअप' उघडला. चित्रपट चालू असला की कित्येक प्लेअर हा मेनू उघडूच देत नाहीत, आधी डिस्क थांबवावी लागते. यात दहा मिनिटं गेली. टीव्ही टाइप १६:९ केला. स्कोपची माणसं माणसांत आली, पट्टे बारीक झाले, चेहऱ्यांना धार आली.

"आणि तुकोबा?" वहिनी.

तुकोबा पुन्हा लठ्ठच. कारण पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या केबलमधून चित्र जातं, पण त्याचा आकार काय, हे सांगायची खात्रीची सोय त्या पिवळ्या पिनेत नाही. युरोपातल्या स्कार्ट केबलमध्ये त्यासाठी स्वतंत्र पिन होती: सहा व्होल्टच्या आसपास आले तर १६:९, बारा आले तर ४:३. पिवळ्या पिनेवर ते काम माणसाला करावं लागतं. ४:३ ची डिस्क घातली की टीव्हीचा आकारही ४:३ करायचा, रुंद घातली की परत १६:९. भावजींना यात काही जाच वाटला नाही. रोज तीन खेळांना रिळं बदलणारा माणूस तो.

"मला रोज तीन खेळ करायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या, आणि भाचा आला तेव्हा त्याच्याकडून एचडीएमआयची केबल मागवली.

एचडीएमआयनं पिवळ्या पिनेची अडचण मिटते, पण दुसरी येते. प्लेअर चित्र फुगवून १०८० रेषांचं करतो, आणि १०८० ची चौकट कायम १६:९. म्हणजे ४:३ चं चित्र पाठवताना डावी-उजवीकडचे पट्टे प्लेअरनंच घालायला हवेत. त्यासाठी मेनूत आणखी एक ओळ असते. तिचं नाव कंपनीगणिक बदलतं. कुठे 'नॉर्मल', कुठे 'फिक्स्ड', कुठे 'पिलरबॉक्स'. तिथे 'फुल' किंवा 'वाइड' असेल तर ताणलेलं चित्रच टीव्हीला मिळतं आणि टीव्हीला ते ताणलेलं आहे हे कळायला मार्ग उरत नाही. वर काही टीव्ही १०८० चा सिग्नल आला की आकाराचं बटणच बंद करतात. प्लेअरमध्ये ती ओळ नसेल, तर उपाय एकच: प्लेअरचं रेझोल्यूशन ५७६ वर आणायचं, म्हणजे टीव्हीचं बटण पुन्हा चालू होतं आणि ४:३ हातानं निवडता येतं. दुकानदार बहुधा हे सांगत नाहीत. त्यांच्या दुकानातले टीव्ही एकाच फुलाचा एकच व्हिडिओ दिवसभर दाखवत असतात.

ब्ल्यू-रेची भानगड कमी. तिथं उच्च दर्जाची चौकट १९२० बाय १०८०, ठिपके चौरस, आणि जुन्या चित्रपटांचे पट्टे डिस्क बनवतानाच घातलेले. टीव्हीनं त्यात ढवळाढवळ करायची नाही, एवढंच. पण टीव्ही सवयीनं कडेचे दोन-चार टक्के खातो. काचेच्या नळीच्या काळात कडा वेड्यावाकड्या दिसत, म्हणून त्या झाकायची रीत पडली आणि सपाट पडदे आले तरी ती सुटली नाही. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट', सोनीत 'फुल पिक्सेल' असं शोधलं की ती सवय बंद करता येते. पट्ट्यांनी पडदा खराब होतो, ही शेजाऱ्यांची भीती प्लाझ्माच्या काळात खरी होती आणि ओलेडला अजून थोडी लागू आहे. साध्या एलईडी-एलसीडीवर वर्षभर पट्टे राहिले तरी बिघडत नाही.

एवढं सगळं होईपर्यंत भावजी जिंकत आलेत असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात वहिनींनी कपाटातून 'कागज के फूल'ची व्हीसीडी काढली.

१९५९ चा हा गुरुदत्तचा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप. व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओत छतावरून उतरणारा प्रकाशाचा गाजलेला झोत मोठ्या आरशांनी ऊन परावर्तित करून मिळवला. भावजींसाठी हा चित्रपट म्हणजे देव्हाऱ्यातला. पण व्हीसीडीत रुंद चित्राची खूण वगैरे काही नसते. ती कायम ४:३. पाल व्हीसीडीची जागा ३५२ बाय २८८. काळे पट्टे त्यातच भरलेले, त्यामुळे मूर्तींच्या प्रकाशाच्या वाट्याला येतात जेमतेम १६३ रेषा. टीव्ही नीट ४:३ वर ठेवला तर चारही बाजूंना काळं आणि मध्ये पोस्टाच्या पाकिटाएवढं चित्र. आकार अगदी शास्त्रशुद्ध.

"हे बघायचं होय शास्त्र धरून?" वहिनींनी विचारलं.

"नाही," भावजी म्हणाले, "इथं झूम लावा."

"म्हणजे?"

"झूममध्ये जातात ते फक्त पट्टे. वरनं-खालनं पाव भाग कापला जातो, आणि इथं तो काळाच आहे. चित्राचा केसही जात नाही. ४:३ मध्ये पट्टे घालून निघालेल्या जुन्या डीव्हीडींनाही हेच."

"मघाशी तर झूम म्हणजे पाप होतं."

"मघाशी डिस्क वेगळी होती."

झूम लागला. चित्र मोठं झालं, गोल वस्तू गोल राहिल्या आणि वहिदा रेहमानच्या चेहऱ्यावर ठोकळे दिसायला लागले. वहिनी खुर्ची मागे ओढून दाराजवळ बसल्या. तिथून ठोकळे बरेच विरले. आता डीव्हीडी शोधायची असं ठरलं, आणि भावजींनी खोक्याच्या पाठीवर काय वाचायचं ते सांगितलं. '१६:९' किंवा 'ॲनामॉर्फिक', म्हणजे आडवं दाबून भरलेलं, असं लिहिलं असेल तर डोळे मिटून घ्या. नुसतं 'लेटरबॉक्स' लिहिलं असेल तर रेषा कमी मिळणार, झूम लावावा लागणार.

"आणि 'फुल स्क्रीन' लिहिलं असेल तर?"

"'कागज के फूल'वर असेल तर परत ठेवा, कडा कापल्यात. 'संत तुकाराम'वर असेल तर घ्या, अख्खा आहे."

"एकच शब्द, एकावर चांगला आणि एकावर वाईट?"

"हो. म्हणून आधी साल बघायचं. आपल्याकडचा एकोणसाठच्या आधीचा असला तर बिनधास्त."

वहिनींनी कपाटातली खोकी खाली काढून सालवार लावायला घेतली. यजमानांनी रिमोट त्यांच्या हाती दिला.